नेकलेस रोड ते गच्चीबौली

ऑगस्टमधली हैदराबाद मॅरेथॉन नेकलेस रोडवरून अंधारातच सुटते. हुसेनसागरच्या काठचा रस्ता सपाट आणि पाय ताजे. पहिल्या वर्षी मी इथेच फसलो, जोरात सुटलो. पुढे उड्डाणपुलांमागून उड्डाणपूल आले, मग ज्युबिली हिल्सचे चढ. तिसाव्या किलोमीटरला पोटऱ्यांत असे गोळे आले, की गच्चीबौली स्टेडियम मी ॲम्ब्युलन्सच्या खिडकीतून पाहिलं.

दुसऱ्या वर्षी अठरा आठवड्यांचं वेळापत्रक आखलं. रविवारचं लांब धावणं केबीआर पार्कभोवतीच्या चढउतारांवर, हळूहळू 32 किलोमीटरपर्यंत. शेवटचे तीन आठवडे मात्र अंतर कमी करत न्यायचं. हे सगळ्यात अवघड. पाय शिवशिवतात, आणि काचीगुड्याची आत्या विचारते, "पळणं सोडलंस का रे?"

या वेळी हुसेनसागरपाशी मुद्दाम हळू धावलो. शेकडो लोक पुढे गेले, जाऊ दिले. दमट हवेत घामाबरोबर मीठही जातं, म्हणून घोट घोट मीठ-साखरेचं पाणी. पुलांचे चढ सरळ चालत काढले, लाज सोडून. तिसावा किलोमीटर कधी गेला, कळलंच नाही. दुर्गम चेरुवूच्या केबल ब्रिजवर मात्र गळा दाटला. 42.195 किलोमीटर, पाच तासांच्या जरा आत.

दुसऱ्या दिवशी जिना उलटा उतरलो, मांड्या सुलट उतरू देईनात. आईने मेतकूट-भात वाढला. दोन आठवडे फक्त चालणं.

आत्याचा फोन आलाच, "आता तरी सोडलंस ना?"