संगणक कक्षाची एकच चूल



आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. त्या काळात आम्ही संगणकाला हातही लावला नव्हता. तरीही शाळेच्या सर्व्हरसाठी कोणती लिनक्स घ्यायची, हा निर्णय आमच्याच टेबलावर आला.

आपला संगणक कक्ष एकत्र कुटुंबासारखा आहे. सर्व्हर ही एकच चूल. बारा जुने संगणक तिच्यावर जेवतात. प्रोग्राम सर्व्हरवर चालतात, मुलांपुढे फक्त पडदा, कळफलक आणि माउस. त्यामुळे जुनी यंत्रे कामी येतात; पण चूल विझली की सगळे घर उपाशी!

जून २०२३ मध्ये 'नवीन ते चांगले' असे समजून आम्ही एक नवीकोरी आवृत्ती बसवली. तिला सुरक्षा-सुधारणा नऊच महिने मिळणार, हे वाचलेच नव्हते. मुदत संपली म्हणून फेब्रुवारीत घाईने पुढची आवृत्ती चढवली आणि बाराही पडदे काळे झाले. आठवीची प्रात्यक्षिक परीक्षा पुढे ढकलावी लागली. दोष सर्वस्वी आमचा होता.

२०२४ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत संगणक शिक्षक आणि नववीची चार मुले यांना घेऊन आम्ही बसलो. फळ्यावर तीन प्रश्न लिहिले. सुधारणा किती वर्षे मिळतील? जुने संगणक चालतील का? मराठी नीट दिसेल का?

उबंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला ५ वर्षे सुधारणा मिळतात. पण ३२-बिट संगणकांसाठी पूर्ण आवृत्ती देणे त्यांनी २०१९ मध्ये थांबवले. आपल्याकडे असे तीन संगणक आहेत. डेबियन १२ त्यांवरही चालते आणि तिलाही सुमारे ५ वर्षांचा आधार आहे.

तिसऱ्या प्रश्नावर आम्ही म्हणालो, "मेनू हिंदीत ठेवू, सगळ्यांना येते." एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, मग शाळेच्या पाटीवर मराठी कशाला?" आम्ही निरुत्तर झालो. डेबियन बसवताना पहिल्याच पायरीवर भाषा विचारतात. यादीतली 'मराठी' तिच्याच हाताने निवडली. काही मेनू अजून इंग्रजीत उमटतात, पण सुरुवात झाली.

ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन १३ आली. तिच्यात ३२-बिट संगणकांसाठी इन्स्टॉलर नाही. या वेळी आम्ही घाई केली नाही. १२ ची मुदत संपण्यापूर्वी ते तीन संगणक बदलावेत, ही विश्वस्तांना नम्र विनंती.

मुलांनो, नवी वस्तू घेताना ती किती दिवस साथ देईल, हे आधी विचारा. आम्ही ते उशिरा शिकलो.