अर्धीच वाढतो!

शेजारच्या काकूंच्या मोबाइलच्या बिलात 'युरोप रोमिंग' अशी एक ओळ निघाली, तेव्हापासून माझं डोकं तापलेलं आहे. काकू इंग्लंडबाहेर जातात त्या फक्त पुण्याला, थंडी सुरू झाली की. त्या रोमिंगमध्ये भारत येत नाही. म्हणजे पोर्तुगालपासून पोलंडपर्यंत फुकट बोलायची सोय काकूंनी महिना 6 पौंड भरून करून ठेवली होती, आणि पुण्यात उतरल्यावर मात्र भाच्याने आणून दिलेलं सिमकार्ड.

त्याच्या खालची ओळ आणखी बहारीची. 'वाढीव डेटा, 10 जीबी.' मूळ प्लॅनमध्ये 25 जीबी आहेतच. काकूंच्या घरी वायफाय, ग्रंथालयात वायफाय, आणि ज्येष्ठांचा फुकट प्रवासाचा फ्रीडम पास हातात आल्यापासून नऊ वाजून गेले की त्या बसच्या वरच्या मजल्यावर पुढची सीट पकडून लंडन बघत हिंडतात, तेव्हा फोन पिशवीच्या तळाशी. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन पाहिलं, तर कुठल्याच महिन्यात दीड जीबीच्या वर मजल गेलेली नाही.

"अगं, दुकानातला तो मुलगा म्हणाला, भारतात व्हिडिओ कॉल करता ना आंटी, मग लागेलच."

काकू व्हिडिओ कॉल करतात तो स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसून. वायफायचा डबा त्यांच्या डोक्यावरच्या फळीवर आहे.

त्या मुलाची बाजूही समजून घ्यायला हवी. काकू नवा फोन घ्यायला गेल्या होत्या, त्याने जुन्यातले फोटो नव्यात आणून दिले, हिंदीत बोलला, दारापर्यंत सोडायला आला. त्याच्या डोक्यावर महिन्याचं टार्गेट असणार, कदाचित कॉलेजची फीसुद्धा. हे सगळं मान्य. पण भारतात कोण कोण आहे, नातवंडं किती, हे विचारणाऱ्याने 'घरी वायफाय आहे का?' एवढं मात्र विचारलं नाही. त्या एका प्रश्नाने विक्री जागीच बसली असती, हे त्याला ठाऊक नसेल असं मला वाटत नाही.

मला आपली पंगत आठवते. आग्रहाचं एक शास्त्र असतं. मुरलेला वाढपी 'जिलेबी हवी का?' असं कधीच विचारत नाही. तो 'एक की दोन?' असं विचारतो, आणि तुम्ही मान हलवेपर्यंत 'अर्धीच वाढतो' म्हणून अख्खी टाकून पुढच्या पानावर गेलेला असतो. दुकानातला मुलगाही 'अ‍ॅड-ऑन हवं का?' असं विचारत नाही. 'दहाचं घेता की वीसचं?' काकूंनी दहाचं घेतलं आणि आपण त्याला निम्म्यावर आणलं, याचं त्यांना समाधानही वाटलं. पंगतीत बचावाचे उपायही ठरलेले होते. पानावर हात आडवा धरायचा, शेजाऱ्याच्या पानाकडे बोट दाखवायचं, अगदीच झालं तर पानावर ओणवं व्हायचं. माझे एक काका पहिलीच जिलेबी शेवटपर्यंत न मोडता ठेवत. पानात जिलेबी दिसली की वाढपी पुढे सरकतो आणि यजमानीणबाईही 'टाकू नका हो' म्हणायला लागतात. उरलेलं सगळ्यांना दिसतं, आग्रह थांबतो तो त्यामुळे. डेटाचं घोडं इथेच पेंड खातं. काकूंच्या पानात दर महिन्याला तेहतीस-चौतीस जीबी तसेच उरत होते. महिना संपला की कुणीतरी पान उचलून न्यायचं आणि एक तारखेला पुन्हा तेवढंच वाढायचं. बिलात काय घेतलं ते छापलेलं असतं. काय उरलं, ते नसतं.

इथला नियामक ऑफकॉम झोपलेला नाही, हेही सांगते. मोबाइल कंपन्यांनी फसव्या पद्धतीने माल गळ्यात मारू नये, असा नियम 2009 पासून आहे. 2022 पासून सही करण्याआधी कराराचा थोडक्यात गोषवारा हातात द्यावा लागतो. जानेवारी 2025 पासून, नव्या करारात मध्येच दर वाढणार असेल, तर महागाईच्या टक्क्यांच्या भाषेत न बोलता पौंड-पेन्समध्ये आकडा आधीच सांगावा लागतो. छान आहे. पण जादा सेवा सुरू करण्याआधी ग्राहकाची दोनदा संमती घ्या, हे भारतातल्या दूरसंचार नियामकाने, आपल्या ट्रायने, 2013 मध्येच सांगितलं होतं. कॉलर ट्यूनने पोळल्यावर सुचलेलं शहाणपण असेल, पण सुचलं.

आता कामाचं. आपल्याकडची बरीच मंडळी 'फोनवर नको बाई, समोरासमोर बरं' म्हणून दुकानात जातात. कायदा नेमका उलटा आहे. फोनवरून किंवा ऑनलाइन घेतलेला करार 14 दिवसांत मोडता येतो. दुकानात उभं राहून सही केलीत, तर कायद्याने तो हक्क मिळत नाही. दुकानाने आपण होऊन मुदत दिली तर वेगळं. दुसरं, बिलावर कमाल मर्यादा घालून घ्या. ऑक्टोबर 2018 पासून नव्या आणि मुदत वाढवणाऱ्या ग्राहकांना कंपनीने ती देऊ करावीच लागते. तिसरं, कंपनी बदलायला कुणाशी बोलायची गरज नाही. 85075 ला INFO असा मेसेज पाठवा, करार आत्ता मोडला तर किती भुर्दंड ते कळतं. नंबर ठेवून जायचं असेल तर 65075 ला PAC, नंबरही नको असेल तर 75075 ला STAC. उत्तर मिनिटभरात येतं आणि कोड 30 दिवस चालतो. 2019 च्या जुलैपर्यंत यासाठी फोन करून 'तुम्ही का जाताय?' ही उलटतपासणी सोसावी लागे.

आणि तक्रार आधी कंपनीकडे, लेखी. ऑफकॉम एकेकट्याची भांडणं सोडवत नाही. कंपनीने दाद दिली नाही, तर पुढे लवादाकडे जाता येतं. ग्राहकाला ते फुकट आहे. पत्रात 'मला फसवलं' असं लिहू नका. 'माझा सरासरी वापर इतका, घरी वायफाय आहे, विकताना हे विचारलं गेलं नाही' असं लिहा.

काकूंचं पत्र असंच गेलं. दोन्ही जादा सेवा बंद झाल्या आणि कंपनीने तीन महिन्यांचे पैसे पुढच्या बिलांत वळते करू, असं कळवलं. मला वाटलं, जिंकलो. काकू म्हणाल्या, "वळते कशाला? माझ्या खात्यातून घेतलेत, खात्यात टाका. आणि तीनच महिन्यांचे का?" दुसरं पत्र त्या स्वतः लिहिताहेत. मला फक्त स्पेलिंग बघायला सांगितलं आहे.