लाक्रॉसच्या माहेरीं

न्यूयॉर्क हा शब्द आतां आपल्या घरोघर ऐकूं येतो. कारण कोणाचा ना कोणाचा मुलगा अथवा मुलगी तिकडे असतेच. परंतु ऐकणाराच्या डोळ्यांपुढें उभें राहतें तें समुद्रकांठचें शहर. त्याच नांवाचें एक विस्तीर्ण राज्य असून त्याच्या मध्यभागीं सिरॅक्यूज नांवाचें, हिंवाळ्यांतील बर्फाबद्दल प्रसिद्ध असलेलें नगर आहे. माझी कन्या तेथें राहते. एका वसंतांत तिच्याकडे दोन महिने राहण्याचा योग आला, आणि आपल्याकडे क्वचितच कोणास ठाऊक असलेला एक खेळ मला त्याच्या माहेरींच पाहावयास मिळाला.

नातू शाळेंतून आला कीं दप्तर फेंकून जी काठी घेऊन धूम ठोकी, तिच्या टोकास फुलपांखरें धरण्याच्या जाळ्यासारखें, पण उथळ जाळें होतें. हीच लाक्रॉसची काठी. ‘क्रॉस’ म्हणजे फ्रेंच भाषेंत टोकाशीं वांकलेला दंड; वक्रदंड म्हटलें म्हणजे आपल्याला अर्थ चटकन् लागतो. हॉकींत चेंडू जमिनीवरून ढकलीत नेतात. येथें तो भुईवर राहूं देणें हीच नामुष्की. जाळ्यांत झेलावा, जाळ्यांतच घेऊन धांवावें, व जाळ्यांतूनच गड्याकडे अथवा गोलांत फेंकावा. हातानें शिवण्याची थोडी मुभा काय ती गोलरक्षकास, आणि तीही त्याच्या वर्तुळांत. चेंडू टणक रबराचा, वजनानें सुमारें १४५ ग्रॅम. क्रिकेटच्या चेंडूहून किंचित् हलका इतकेंच. तो अंगावर बसला तर काय होत असेल याची कल्पना वाचकांनीं करावी.

पुरुषांच्या मैदानी खेळांत दर बाजूस दहा गडी असतात. मैदान ११० यार्ड लांब व ६० यार्ड रुंद. मौज अशी कीं, सहा फूट लांबीरुंदीचे गोल मैदानाच्या अगदीं कडेस नसून बरेच आंत असतात, व त्यांच्या मागूनही खेळ चालतो. गोलावर फेंकलेला चेंडू हुकून मैदानाबाहेर गेला, तर त्या क्षणीं ज्याचा गडी त्याच्या सर्वांत जवळ असेल त्या पक्षास तो मिळतो. त्यामुळें इकडे एकानें चेंडू मारला कीं तिकडे दोघे गोलामागें जीव घेऊन धांवत सुटतात. हा नियम मला फार आवडला. शेवटपर्यंत धांवणाराचें श्रम त्यांत फुकट जात नाहींत. धक्का देणें, दुसऱ्याच्या काठीवर काठी हाणून चेंडू पाडणें, हें सर्व मर्यादेंत राहून चालतें. म्हणून डोक्यास शिरस्त्राण व हातांत जाड मोजे.

जाळें उथळ असल्यानें चेंडू नुसता ठेवून धांवल्यास तो पडतो. म्हणून धांवतांना मनगटानें काठी सारखी झुलवावी लागते, आणि या झुलवण्यास इंग्रजींत पाळण्याचेंच नांव आहे. हा योगायोग मला पुढें फार अर्थपूर्ण वाटला. कारण ज्या लोकांचा हा खेळ, त्यांच्यांत मुलगा जन्मला म्हणजे त्याच्या पाळण्यांत लहानशी लाकडी काठी ठेवितात, व माणूस मेल्यावर त्याची काठी त्याच्यासमवेत पुरतात.

हे लोक त्या नगरापासून फार दूर नाहींत. दक्षिणेस कांहीं मैल गेलें कीं ओनोंडागा राष्ट्राची भूमि लागते. सुमारें ७,३०० एकर. जांवईबापूंनीं मला मोटारींतून तेथें नेलें. लांकडी घरें, टेकड्या, ओढा. दिसावयास साधेंच खेडें. परंतु मोहॉक, ओनायडा, कायुगा, सेनेका, तुस्कारोरा आणि स्वतः ओनोंडागा अशा सहा राष्ट्रांच्या संघाचा मध्यवर्ती अग्नि राखण्याचा मान या गांवाकडे आहे. फ्रेंचांनीं यांना इरोक्वॉय म्हटलें. ते स्वतःला हौदेनोसौनी, म्हणजे लांब घराचे लोक, म्हणवितात. (कोलंबसाच्या कृपेनें आपलें ‘इंडियन’ हें नांव यांना चिकटलें तें वेगळेंच.)

त्यांच्या समजुतीप्रमाणें हा खेळ सृष्टिकर्त्यानें दिला, व त्याच्या संतोषासाठीं तो खेळावयाचा. कोणी आजारी पडला तर त्याच्यासाठीं खेळ मांडतात. आपल्याकडे दुखणेकऱ्यासाठीं अनुष्ठान बसवितात तसेंच हें. त्या प्रसंगीं यंत्रावर बनलेली काठी चालत नाहीं; हिकरी नांवाच्या चिवट लांकडाची, वाफेनें वांकविलेली काठीच हवी. या लांकडी काठीस एक प्रकारचें सोंवळें आहे. परंपरेप्रमाणें स्त्रिया तिला हात लावीत नाहींत. असा खेळ मीं पाहिला नाहीं, आणि परक्यानें तशी इच्छाही धरूं नये. शेजारच्या ह्यूरॉन लोकांत राहिलेल्या जाँ द ब्रेबफ या फ्रेंच पाद्र्यानें १६३६ सालींच लिहून ठेविलें आहे कीं, तेथील वैदू रोगावर उपाय म्हणून हा खेळ सांगतात. त्याला तें हास्यास्पद वाटलें. तो खेळ मात्र त्याच्यामागें चार शतकें टिकला.

पुढें माँट्रियलचा दंतवैद्य जॉर्ज बिअर्स यानें १८६७ मध्यें नियम बांधले, व गोऱ्या लोकांत खेळ पसरला. स्कॉटलंडांतील सेंट लेनर्ड्स शाळेंत १८९० मध्यें तो मुलींनीं सुरू केला, हें वाचकभगिनींनीं ध्यानांत ठेवावें. आज कॅनडाचा तो उन्हाळ्यांतील राष्ट्रीय खेळ आहे. १९९४ मध्यें तसा कायदाच झाला. परंतु १८८० च्या सुमारास, मूळचे खेळाडू प्रवासखर्चासाठीं पैसे घेतात या सबबीवर, त्यांनाच स्पर्धांतून वगळण्यांत आलें. ज्यानें दीप लाविला त्यासच अंधारांत उभें करावें, तशांतला हा प्रकार.

१९८३ मध्यें या सहा राष्ट्रांनीं आपला स्वतंत्र संघ उभारला. त्याच्या संस्थापकांत ओरेन लायन्स हे ओनोंडागा गृहस्थ होते; तरुणपणीं ते सिरॅक्यूज विद्यापीठाचे गोलरक्षक. २०१० मध्यें मँचेस्टरला जागतिक सामने होते. हे खेळाडू आपल्या राष्ट्राचाच पासपोर्ट घेऊन निघाले. १९२३ मध्यें त्यांचा एक प्रमुख, देस्काहे, असाच पासपोर्ट घेऊन जिनीव्हास राष्ट्रसंघापुढें गाऱ्हाणें मांडण्यास गेला होता. या वेळीं ब्रिटिश सरकारनें प्रवेश नाकारला. अमेरिकन पासपोर्ट घेतला असता तर वाट मोकळी होती. त्यांनीं तो घेतला नाहीं, आणि सामने त्यांच्यावांचून झाले. कांहीं जण याला हट्ट म्हणतील. मला तें व्रत वाटतें.

२०१४, २०१८ व २०२३ या तिन्ही जागतिक स्पर्धांत पुरुषांमध्यें तिसरा क्रमांक त्यांनींच मिळविला. आतां २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्यें दर बाजूस सहा गड्यांचा लाक्रॉस घेण्याचें ठरलें. १९०८ नंतर प्रथमच पदकासाठीं. तेथें प्रश्न पुन्हा तोच. ज्या राष्ट्राची मान्यताप्राप्त ऑलिंपिक समिति आहे त्यासच प्रवेश, आणि यांची तशी समिति नाहीं. २०२३ च्या डिसेंबरांत अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनीं यांची बाजू जाहीरपणें उचलून धरली. ऑलिंपिक समितीचें उत्तर असें कीं, ज्यांना खेळावयाचें असेल त्यांनीं अमेरिकेच्या अथवा कॅनडाच्या झेंड्याखालीं खेळावें.