चारातलं एक मत

आमच्या घरात मत कुणाला दिलं हे विचारायची पद्धत नाही. पगार विचारतात, वजन विचारतात, भिशी कितीची आहे तेही विचारतात; मत नाही. पुण्यातल्या नारायण पेठेत माझं सासर. मतदानाच्या सकाळी सासरे, म्हणजे आप्पा, फक्त एवढंच विचारायचे, "यादीत नाव आलंय ना गं?" पुढचं सगळं गृहीत. 1995 पासून भाजपचे गिरीश बापट आमच्या कसबा मतदारसंघातून सलग पाच वेळा निवडून आले, आणि त्यात आपल्या घरची सगळी मतं होती, अशी आप्पांची खात्री. माझं मत दर वेळी तिकडेच गेलं असं नाही. पण कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

हे गृहीत पहिल्यांदा हललं ते फेब्रुवारी 2023 च्या पोटनिवडणुकीत. आमदार मुक्ता टिळक गेल्या, भाजपनं उमेदवारी टिळकांच्या घरात दिली नाही, म्हणून पेठांमधून नाराजी होती. बापट स्वतः आजारी. व्हीलचेअर, नाकाला ऑक्सिजनची नळी, अशा अवस्थेत ते आमच्याच पेठेतल्या केसरीवाड्यात कार्यकर्त्यांसमोर आले. टीव्हीवर ते दिसले तसा आप्पांनी आवाज बंद केला. "अरे, त्या माणसाला पडू द्या की घरी," म्हणाले आणि उठून आत गेले. मतदान करून आले ते शब्दकोडं घेऊन बसले. 2 मार्चला काँग्रेसचे रवींद्र धंगेकर दहा हजारांवर मतांनी निवडून आले. प्रचारात भाजपच्या चंद्रकांत पाटलांनी विचारलेल्या 'हू इज धंगेकर'ला 'धिस इज धंगेकर' असं उत्तर देणारे फलक लागले. रात्री जेवताना नवरा म्हणाला, "आपल्या पेठांतली मतंसुद्धा फिरली म्हणतात."

आप्पा म्हणाले, "1991 च्या पोटनिवडणुकीत वसंत थोरात आले होतेच की. तेही काँग्रेसचेच. आमटी वाढ गं जरा."

इतिहास सांगितला, मत नाही सांगितलं. बापट त्याच महिन्यात गेले आणि विषय कायमचा मिटला.

गंमत म्हणजे हे गुपित फक्त घरात असतं. मतमोजणी यंत्रावर, केंद्रनिहाय होते. कुठल्या बूथवर कुणाला किती, हे कार्यकर्त्यांना तोंडपाठ. गल्लीतला एक मुलगा चिठ्ठ्या वाटायला आला की सरळ सांगतो, "काकू, तुमच्या बूथवर आम्ही मागच्या वेळी कमी पडलो." आमच्या गल्लीचा कल त्याला ठाऊक, आणि मला समोर बसून वरणभात खाणाऱ्या माणसाचा ठाऊक नाही! बरं, मताच्या गुप्ततेचं कायद्याचं ओझं आहे ते मतदान केंद्रातले कर्मचारी आणि प्रतिनिधी यांच्यावर. बाहेर येऊन घरच्यांशी बोलायला कुणाची मनाई नाही. मनाई आपली आपणच घातलेली.

मैत्रिणींमध्ये मात्र अशी काही अडचण नाही. शनिवार पेठेतल्या एका मैत्रिणीचा वाडा शनिवारवाड्यापासून शंभर मीटरच्या आत येतो. तिथं नवं बांधकाम करता येत नाही, कारण तो पुरातत्त्व खात्याचा प्रतिबंधित पट्टा. जिन्याला टेकू लावलेत, माडीवर कुणी जात नाही. "जो माझ्या जिन्याबद्दल बोलेल त्याला माझं मत," असं ती पहिल्यापासून जाहीर सांगते. नियम दिल्लीचा आहे, नगरसेवक काय करणार, असं मी म्हटलं की तिचा आवाज चढतो. दर निवडणुकीला उमेदवार येतात, जिन्याखाली उभं राहून वर बघतात, फोटो काढतात. तिनं आजवर तीन पक्ष बदलले. तिला कुणी गद्दार म्हणत नाही, कारण तिचं कारण डोळ्यांना दिसतं.

आमच्या घरात तोंडं उघडली ती महापालिकेच्या निवडणुकीत. मार्च 2022 ला मुदत संपलेली, तेव्हापासून प्रशासकच. जवळजवळ चार वर्षं नगरसेवक नाहीत, गटार तुंबलं की फोन कुणाला करायचा तेच कळेना. शेवटी 15 जानेवारी 2026 ला मतदान लागलं. प्रभाग चार जणांचा, म्हणजे प्रत्येकाला चार मतं आणि मतपत्रिकेचे चार रंग: अ पांढरा, ब गुलाबी, क पिवळा, ड निळा. कार्यकर्ते दारात येऊन "पूर्ण पॅनल चालवा" म्हणून विनवत होते. पण राज्यात एकत्र सत्तेत बसलेले भाजप आणि अजित पवार इथं समोरासमोर, दोन्ही राष्ट्रवादी मात्र गळ्यात गळे घालून. पॅनल कुणाचं कशाला म्हणायचं, हाच घोळ.

आदल्या रात्री लेकीनं चारही गटांची नावं एका कागदावर लिहून जेवणाच्या टेबलावर ठेवली. तिची मतदानाची ही दुसरीतिसरी खेप. आमचा संकोच तिला नाही. "आजोबा, 'ब'मध्ये कोण?" तिनं विचारलं. मला वाटलं, आता शब्दकोडं येणार. पण आप्पांनी चष्मा लावला. "'अ' आणि 'ड' आपले नेहमीचे. 'ब'मध्ये ती बाई. तीन जिने चढून वर आली, मला बसवून ठेवून मोरीचं पाणी कुठं जातं ते स्वतः बघितलं." नवरा दचकला. ती बाई दुसऱ्या पक्षाची.

"आणि 'क'?"

"ते नाही सांगायचं."

एवढ्यानं जे सुरू झालं ते साडेअकरापर्यंत. नवऱ्यानं आपली दोन सांगितली, मी तीन. एकच मत असतं तेव्हा ते सांगितलं की माणूस अख्खा उघडा पडतो, बापाच्या विरोधात गेला की सरळ गेलाच. चार असली की दोन बापाच्या बाजूला ठेवता येतात, एखादं बायकोला देता येतं, एक खिशात राहतं. प्रभाग पद्धतीला मी एरवी नावंच ठेवते, चार नगरसेवक म्हणजे एकही जबाबदार नाही. पण आमच्या घरापुरते तिचे उपकार मानायला हवेत. कितीतरी वर्षांनी आप्पा आणि त्यांचा मुलगा सांडपाण्यावरून भांडले, नेत्यांवरून नाही.

दुसऱ्या दिवशी केंद्रावर माझ्या पुढच्या आजी एकच बटण दाबून निघाल्या होत्या. "आजी, अजून तीन राहिली," म्हणून अधिकाऱ्यांनी परत पाठवलं. चारही झाल्याशिवाय यंत्र लांब शिट्टी देत नाही. आजी करवादल्या, "एकाला दिलं ना? बास की!"

16 तारखेला निकाल लागला, 165 पैकी 119 जागा भाजपच्या. आमच्या घरातली सांगितलेली मतं काही आली, काही गेली. 'क'वरून लेक अजून आप्पांना छळते. "काँग्रेस? मनसे? नोटा?" ते म्हणतात, "ओळख." कोथरूडच्या नणंदेचा फोन आला तेव्हा तिकडे वेगळंच: तिच्या नवऱ्यानं चारही ठिकाणी नोटा दाबला आणि वर चहा पिताना सांगितलंही. ती दोन दिवस त्याच्याशी बोलत नव्हती. आप्पांनी फोन घेतला आणि तिला म्हणाले, "अगं, एक तरी लपवायचं होतं त्यानं."