शाडू वाळेपर्यंत

भर जुलैत खेडमध्ये कुणी घरात लाकडं पेटवून बसलेलं दिसलं, की माणूस थबकतोच. भरणे नाक्यावरून आत गेलेल्या एका वाडीत मी असा थबकलो. पावसाने पागोळ्यांची धार तुटू दिली नव्हती आणि पडवी बंद करून केलेल्या गणपतीच्या कारखान्यात तेलाच्या जुन्या पिंपाची भट्टी धगधगत होती. पिंपाला खाली दार, वर पत्र्याचा पाइप, तो कोपरातून वळून भिंतीबाहेर गेलेला. मूर्तिकार उघडेबंब, पाठीवर घामाचे ओघळ, हातात फणसाच्या लाकडाची फोड.

"अण्णा, थंडी वाजते की काय?"

"थंडी कसली? वल जायला पायजे."

घर तापवणं ही आमच्याकडची रीतच नाही. पौषात पहाटे जगबुडी नदीवर धुकं उतरतं, खळ्यात शेकोटी पेटते, तिच्याभोवती म्हातारी माणसं आणि कुत्री बसतात. झाली आमची थंडी. कौलं, उंच माळा, भोवती पडव्या, ही सगळी बांधणी घर गार राहावं म्हणून. कॅनडात असलेला माझा भाचा मात्र गॅरेजमध्ये सुतारकाम करतो आणि हौसेने लावलेल्या लोखंडी भट्टीचे फोटो पाठवतो. बाहेर उणे वीस. त्याच्या भट्टीवर कायम पाण्याचं भांडं असतं, कारण तिथली हवा तापली की इतकी कोरडी होते, की फळ्यांना चिरा जातात. त्याला हवेत पाणी सोडायचं आहे, अण्णांना हवेतलं पाणी हटवायचं आहे, आणि दोघांनीही पेटवलेली वस्तू एकच.

हटवायचं म्हणजे खरं तर हटत नाही. खेड तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. आषाढ-श्रावणात हवा सव्वीस अंशांवर असते आणि आर्द्रता नव्वद टक्के. त्या हवेत पाण्याला आणखी जागाच उरलेली नसते, मग दोरीवरचा टॉवेल आठवडाभर आंबट वास मारत लटकतो. तीच हवा बत्तीस अंशांपर्यंत तापवली, की आतलं पाणी तेवढंच राहून आर्द्रता चौसष्ट टक्क्यांच्या आसपास येते. हवेची पाणी सामावून घ्यायची ताकद वाढते, आणि शाडूतली ओल निघायला लागते. अण्णांनी हा हिशेब मांडलेला नाही. मूर्तीच्या पोटाला ते हाताची उलटी बाजू लावतात. गार लागलं तर आत ओल आहे.

पण भट्टीला पाइप कशाला, हे मला आधी कळलं नव्हतं. धूर जावा म्हणून, एवढंच मनात आलं. खरी मेख अशी की लाकूड जळतानाही पाणी तयार होतं. किलोभर सुक्या लाकडातून अर्ध्या लिटरच्या वर पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. ओलं असेल तर आणखी जास्त. नुसती शेगडी पेटवून दारं लावून घेतली, तर एका हाताने ओल काढायची आणि दुसऱ्या हाताने ओतायची. पाइप असला की वाफ आणि धूर दोन्ही बाहेर, आणि आगीच्या ओढीने खोलीतली दमट हवाही थोडी थोडी जाते. शिवाय काजळी. मूर्तीवर पांढऱ्या रंगाचा पहिला हात दिलेला असताना काजळीचा एक कण बसला आणि पुसायला गेलं की फरांटा. वर्ध्याच्या मगनवाडीत १९४७ च्या सुमाराला धुराड्याची 'मगन चूल' निघाली ती बायकांच्या डोळ्यांसाठी. आता महामार्गावर 'चुलीवरचं मटण' असे फलक लागतात. ते लावणाऱ्याने ओल्या लाकडांवर फुंकणी मारत एक पावसाळा काढावा, मग फलक लावावा.

धुराची मला ओढ नाही. आगीची आहे, आणि ती लागली आत्याकडे.

आत्या खेडातच, लाकडाच्या वखारीच्या मागच्या अंगाला राहायची. रॉकेल रेशनवर, गॅसचा नंबर लागायचा होता, आणि वखारीत करवतीखाली भुशाचे ढीग. मेच्या शेवटी आम्हा पोरांना गोणपाटं देऊन पिटाळलं जायचं. सागाचा भुसा तपकिरी, तेलकट वासाचा, फणसाचा पिवळाजर्द, आंब्याचा फिका. आत्या सागाचा भुसा वेगळा ठेवायची. तो सावकाश आणि जास्त वेळ जळतो, हे तिचं मत. मी कधी पडताळून पाहिलं नाही, पण पावसाळ्यात ती जे सांगे ते बहुतेक खरं ठरे. गोणी माळ्यावर चढत. खाली चुलीची ऊब, त्यामुळे माळ्यावर ओल फिरकायची नाही; तिथेच भाताचं बियाणं, कांद्याच्या माळा, सुकट, आमसुलं, आणि आजोबांनी देव्हाऱ्यासाठी धरून ठेवलेल्या शिवणीच्या दोन फळ्या. शिवणीचं लाकूड वाकत नाही, पिळत नाही, म्हणून ठेवलेल्या. देव्हारा काही झाला नाही. फळ्या मात्र धूर खाऊन काळ्याकुळकुळीत झाल्या.

भुशाची शेगडी म्हणजे डालड्याचा मोठा डबा. बुडाशी एका बाजूला मुठीएवढं भोक. डब्याच्या मधोमध सोड्याची बाटली उभी करायची, बुडाच्या भोकातून एक गोल दांडका तिला भिडेपर्यंत सारायचा, आणि भोवती भुसा भरत जायचा. नुसता भरून चालत नाही. मूठ-मूठ टाकून मुसळाने ठेचायचा, पुन्हा टाकायचा, पुन्हा ठेचायचा. हे काम आत्या कुणाला देत नसे. पदर खोचून, डबा दोन्ही पायांत धरून बसायची, आणि ठेचण्याच्या आवाजावरून तिला कळायचं कुठे पोकळ राहिलंय. शेवटी दांडका काढायचा, मग बाटली. बाटली हा मोठा क्षण. दोन्ही तळव्यांत धरून जराशी गरगर फिरवायची, श्वास रोखायचा आणि सरळ वर ओढायची. तिरकी झाली तर भिंत ढासळते आणि सगळं पुन्हा. आम्ही भोवती उकिडवे. बाटली निघाली की मधे गुळगुळीत भोक, तळाशी वळून बाहेर आलेलं. खालून कागदाचा बोळा पेटवून सारला की ज्योत आतल्या आत वर चढायची आणि डबा लाल विहिरीसारखा दिसायला लागायचा. फुंकणी नको, लाकडं सारणं नको. सकाळी पेटवलेली शेगडी दुपारपर्यंत आतून बाहेर जळत जायची. तिच्यावर आधी चहा, मग भात, मग आंघोळीचं पाणी, मग वेताची डालगी पालथी घालून तिच्यावर तान्ह्या बाळाची लंगोटं. सगळं झाल्यावर मावळती धग उरायची. तिच्या भोवती बसून आत्या फणसाच्या आठळ्या भाजायची, आणि दुसऱ्याच्या घरच्या गोष्टी अशा सांगायची की आठळीचं साल सोलायचं राहून जाई. काका म्हणायचे, हिला भुशापेक्षा जास्त वेळ बोलता येतं.

ती शेगडी आज करायची म्हटली तरी अवघड. डालड्याचे डबे नाहीत, ते जाऊ द्या. भुसाच तो राहिला नाही. आता सुताराच्या दुकानात प्लायवूड आणि एमडीएफ कापतात. त्याच्या भुशात लाकडासोबत डिंकही, तोही फॉर्मल्डिहाइडवाला. पेटवला तर डोळे चुरचुरतात, घसा धरतो. एके काळी सुताराच्या दुकानात कचरा नावाची गोष्टच नव्हती: भुसा शेगडीला, ढलप्या चुलाण्याला, त्याच शेगडीवर सरसाचं भांडं रटरटतंय. १९५९ मध्ये फेव्हिकॉल आलं आणि सरस हळूहळू गेला. त्याच्या वासाची आठवण काढून हळहळणारे भेटतात. मी त्यांतला नाही. तो वास भयंकर होता.

अण्णा भुसा वापरत नाहीत. त्यांना सुकी फोड लागते, मागच्या उन्हाळ्याच्या आधी तोडलेली, आणि धग मंद. शाडूला घाई चालत नाही. सोंडेचं टोक, कान, बोटं आधी वाळतात, पोट सगळ्यात शेवटी. बाहेरचं आक्रसतं, आतलं ओलंच, आणि भेग पडते. म्हणून भट्टी एका टोकाला, मूर्ती दुसऱ्या टोकाला, आणि सोंडेवर ओल्या फडक्याची चिंधी. दिवसातून काही वेळा प्रत्येक पाट थोडा थोडा फिरवायचा. पाट ज्याचे त्याचे: आमच्याकडे घरचा पाट मूर्तिकाराकडे नेऊन द्यायचा आणि त्यावर बसलेला गणपती घरी आणायचा. पाटांच्या कडेला खडूने आडनावं. वाळत आलेला शाडू काळसर करड्याचा पांढुरका होत जातो, आणि मला तर गणपती तेव्हाच सगळ्यात आवडतो, डोळे उघडायच्या आधी, सोनेरी रंग फासायच्या आधी. गिऱ्हाइकाला हे सांगून उपयोग नाही.

पीओपीला यातलं फारसं लागत नाही. पाणी घातलं की थोड्याच वेळात घट्ट होतो, होताना आपला आपण तापतो, आणि मूर्ती पोकळ निघते. २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने विसर्जनाच्या सुधारित नियमांत पीओपीला नकार दिला; पुढचं प्रकरण कोर्टात फिरत राहिलं. अण्णांचा त्या भांडणाशी संबंध नाही. त्यांच्या वडिलांनी शाडू केला, ते शाडू करतात. २२ जुलै २०२१ ला जगबुडीचं पाणी खेडच्या बाजारपेठेत शिरलं, आणि त्या साली चतुर्थी होती १० सप्टेंबरला. मधे उणेपुरे सात आठवडे. ते सात आठवडे तालुक्यातल्या मूर्तिकारांनी कसे काढले असतील, हे मी अण्णांना विचारणार होतो, पण ते तेव्हा सोंडेवर वाकले होते.

मग दुसरंच सुचलं. खेडमध्ये गरम पाण्याचं कुंड आहे. जमिनीतून फुकट ऊब येतेय आणि लोक त्यात फक्त अंग शेकतात. मी म्हटलं, "अण्णा, त्या कुंडाशेजारीच कारखाना काढा की. लाकडाचा खर्च वाचेल."

अण्णांनी चिंधी पिळली, सोंडेवर नीट बसवली.

"त्याच्यावर वाफ किती असते, ती बघितलीत काय?" असं म्हणून त्यांनी मला दारातून बाजूला व्हायला सांगितलं. मी उभा होतो तिथून वारा आत येत होता.