विसण

बेव्हर्ली पार्कातील आमच्या बिऱ्हाडी चहा म्हणजे उकळलेला चहा, हा सिद्धांत आजवर निर्विवाद होता. आले ठेचावे, दूध-साखर घालावी आणि चांगले तीन कढ येऊ द्यावेत! परंतु डॉक्टरांनी दूध व साखर दोन्ही वर्ज्य केली, आणि कन्येने हिरव्या चहाची पुडी आमच्या हाती ठेवली. आम्ही शिरस्त्याप्रमाणे तो खळखळ उकळला. पहिल्याच घोटास कडुनिंब आठवला! आम्ही पुडीस आणि अखिल चीन-जपानास यथेच्छ दोष दिला.

“बाबा, दोष पानांचा नाही, पाण्याचा आहे,” कन्या म्हणाली.

तिचे म्हणणे खरे निघाले. काळ्या चहाला आधणाचे पाणी मानवते. हिरव्या चहाला ते सोसत नाही. फार कढत पाण्यात त्याच्या पानांतील कॅटेचिन ही तुरट-कडू द्रव्ये भराभर उतरतात. रुचीला मार्दव देणारे थिॲनिन मात्र ७० ते ८० अंशांच्या पाण्यातही सुखाने उतरते. जपानात तर पाणी निवविण्यासाठी निराळे भांडेच असते. इ. स. च्या ८ व्या शतकात लू यू या चिनी ग्रंथकाराने पाण्याच्या उकळीच्या तीन अवस्था सांगून त्यापुढचे पाणी त्याज्य ठरविले होते.

आम्हांस मात्र आठवले ते आईचे विसण. घंगाळातील कढत पाण्यात ती गार पाणी घाली, हात बुडवून पाही आणि मगच आम्हांस हाक मारी. तोच हिशेब येथेही चालतो: तीन वाट्या उकळत्या पाण्यास एक वाटी साधे पाणी घातले, की ते सुमारे ८० अंशांवर येते.

येथवर लिहिणे सोपे होते. गेल्या सत्रात एक विद्यार्थी निबंध घेऊन दोन दिवस उशिरा आला. भर वर्गात आम्ही त्याच्यावर जे शब्द ओतले, त्यांना विसण नव्हते. पोरगा हुशार, पण वयाने कोवळा. पुढे तो आमच्या तासाला फिरकला नाही. आम्ही त्याच्या नावापुढे गैरहजेरी मांडीत राहिलो आणि तो कडवट स्वभावाचा आहे, असे सहकाऱ्यांस सांगत राहिलो.

काल त्याला निरोप धाडला. आज सायंकाळी येतो म्हणाला आहे. दोन पेले मांडून ठेवले आहेत. पाण्याचे प्रमाण आता आम्हांस ठाऊक आहे. पहिले वाक्य कोणते बोलावे, ते मात्र अजून ठरत नाही.