आधी दार, मग तोफ

नौदलात गेल्यावर पहिल्यांदा काय शिकवतील? माझा अंदाज होता तोफ, फार तर क्षेपणास्त्र. शिकवलं ते दार उघडणं.

त्याआधीचं चिल्का मला समजलं होतं. ओडिशातल्या त्या सरोवराकाठी अग्निवीरांचं सुरुवातीचं १६ आठवड्यांचं प्रशिक्षण होतं. परेड, पोहणं, वल्ही मारणं, दोराच्या गाठी. अंग मोडून यायचं, पण डोकं शाबूत राहायचं. डोक्याचा भुगा झाला तो लोणावळ्यात. इंजिनाकडच्या आम्हा पोरांचं पुढचं शिक्षण तिथल्या आयएनएस शिवाजी या नौदलाच्या प्रशिक्षण तळावर. १९४५ सालापासून तिथे नौदल आहे, समुद्रसपाटीपासून जवळपास सहाशे मीटर उंचीवर. आई फोनवर म्हणाली, "अरे, लोणावळ्यात कसली आलीय बोट? तिथं चिक्की मिळते."

तर दार. जहाजावरच्या पाणबंद दाराला कडेने क्लिपा असतात आणि प्रत्येक दारावर एक्स, वाय नाहीतर झेड असं अक्षर असतं. कुठल्या स्थितीत कुठलं दार बंद हवं, ते त्या अक्षरावरून ठरतं. उघडण्याआधी दाराला हाताची मागची बाजू लावायची. पलीकडे आग असली तर पत्रा तापलेला असतो, आणि तळवा पोळून घेतला तर पुढचं काम कशाने करणार? मग बिजागरीकडच्या क्लिपा आधी सैल करायच्या. मला हे उलटंच वाटलं. घरचं दार आपण कडीकडून उघडतो. पण पलीकडे पाणी तुंबलं असेल आणि कडीकडची बाजू आधी सुटली, तर दार थेट तोंडावर येतं. बिजागरीकडून सैल केलं की फटीतून पाणी झिरपतं, तेवढ्यावरून अंदाज येतो आणि क्लिपा पुन्हा आवळता येतात.

'अक्षत' पाहिलं तेव्हा मात्र घशाला कोरड पडली. गोवा शिपयार्डने बांधलेला हा सिम्युलेटर म्हणजे जहाजाचा एक तुकडाच. तो दोन्ही बाजूंना डोलतो आणि मुद्दाम पाडलेल्या भोकांतून पाणी आत येतं. आम्ही आत उतरलो, दिवे गेले, आणि गार पाणी पोटऱ्यांवरून मांड्यांपर्यंत आलं. सगळे एकाच वेळी ओरडत होते, त्यामुळे कुणाचंच काही कळत नव्हतं. चीफसाहेबांचा आवाज तेवढा वर चढला, "इधर-उधर मत देख, छेद देख!" छेद हाताने चाचपायचा, त्यात लाकडी गुट्टा बसवायचा, भोवतीच्या फटीत पाचरी ठोकायच्या. कुऱ्हाडीच्या दांड्यात आजोबा ठोकायचे तशाच पाचरी. मऊ लाकूड घेतात, कारण ते भिजून फुगतं आणि घट्ट बसतं. भोक मोठं असेल तर गादी, तिच्यावर फळी आणि फळीला समोरच्या भिंतीपासून टेकू. कोट्यवधींच्या युद्धनौकेचा जीव शेवटी मोगरीवर असतो, हे मला अजूनही पूर्ण पचलेलं नाही.

आगीचे धडे त्याहून चमत्कारिक. आग लागलेल्या खोलीत घुसणारे वेगळे. बाकीच्यांनी तिच्या चारी भिंती, वरचं छत आणि खालची जमीन बाहेरून गार ठेवायची, नाहीतर तापलेल्या पत्र्याने शेजारची खोली पेटते. एवढं ठीक. पण पाणीसुद्धा मोजून मारायचं, असं सांगितल्यावर आम्ही एकमेकांची तोंडं पाहू लागलो. कारण एका जुन्या दुर्घटनेत आहे. ९ फेब्रुवारी १९४२ ला न्यूयॉर्कच्या धक्क्यावर 'नॉर्मंडी' या फ्रेंच प्रवासी जहाजाला आग लागली. सैनिक नेण्यासाठी त्यात फेरबदल चालू होते. धातू कापताना ठिणगी लाइफ जॅकेटांच्या ढिगावर उडाली. आग आटोक्यात आली, पण बंबांनी ओतलेलं टनावारी पाणी वरच्या मजल्यांवर साचलं आणि रात्रीतून जहाज धक्क्यालगतच आडवं झालं. मोकळं पाणी जहाज कलेल त्या बाजूला धावतं आणि त्याला आणखी कलवतं. म्हणून आग विझवणाऱ्यांच्या पाठोपाठ पाणी उपसणारे पंप हवेतच, आणि किती पाणी आत गेलं याचा हिशेब नकाशावर मांडत बसलेला माणूसही हवा.

यात नवशिक्याच्या वाट्याला बहुधा निरोप्याचं काम येतं. फोन बंद पडला की धुरातून वाट काढत जायचं, आकडा तोंडपाठ ठेवायचा आणि तो जसाच्या तसा सांगायचा. जहाजावर इंजिनरूममध्ये माझ्या हाती काय देतील ते अजून ठरायचंय. आगीची घंटा झाली की मी कुठल्या नळाशी उभं राहायचं, त्याचा तक्ता मात्र जहाजावर पाऊल ठेवल्याबरोबर हातात पडतो म्हणे.